थांबण्याचे पैसे कोण देणार?

पोस्ट लांब आहे. पण तुम्ही आत्ता घोटावडे फाट्यावर गाड्यांच्या मागे अडकलेले असाल, तर वाचायला तेवढा वेळ तुमच्याकडे आहेच.

गेल्या आठवड्यात एका हॉटेलच्या एसी हॉलमध्ये कार्यक्रम होता. विषय, ‘विविध उद्योगांमध्ये पुरवठा साखळीचं व्यवस्थापन कसं सुधारावं’. पत्रकार म्हणून बोलावणं आलं, गेलो. वक्ते अभ्यासू होते, चहा-बिस्किटंही चांगली होती. एका साहेबांनी पडद्यावर आकडा दाखवला. त्यांच्या प्लांटमध्ये कच्च्या मालाचा साठा पूर्वी १५ दिवसांचा असायचा, आता दीड दिवसाचा असतो. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

तिथून घराकडे निघालो. फाट्यावरून घोटावड्याच्या रस्त्याला लागलो, तर कडेला ओळीने गाड्या उभ्या. सहज मोजल्या. चौदा. दहा चाकी, बारा चाकी, दोन कंटेनर, एक टँकर. काहींच्या खाली ड्रायव्हर चादर टाकून आडवे झालेले. तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. साहेबांच्या गोदामातून जो साडेतेरा दिवसांचा माल गायब झाला, तो सगळा काही हवेत विरला नाही. त्यातला बराचसा इथेच होता, रस्त्यावर, चाकांवर, आपल्या गावाच्या दारात.

एका ड्रायव्हरकाकांशी बोललो. कोल्हापूरकडून कास्टिंग घेऊन आलेले. रात्री अडीचला पोहोचले होते, मी भेटलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. म्हटलं, एवढ्या लवकर कशाला आलात? म्हणाले, “सकाळी यायचं तर पुण्यात गर्दीच्या वेळी जड गाडी सोडत नाहीत. दुपारी यायचं तर लेट म्हणून भाडं कापतात. मग रात्रीच यायचं आणि पडून राहायचं.” संडास? हात करून ओढा दाखवला. थांबण्याचे काय मिळतात? काका नुसते हसले. वर मलाच विचारलं, “साहेब, तुमच्या पेपरात थांबल्याचे देतात का?”

देत नाहीत. पण मी निदान सावलीत थांबतो.

आता माझं म्हणणं सरळ सांगतो. आपल्या पट्ट्यात पुरवठा साखळी ‘सुधारली’ म्हणतात, त्यातली बरीच सुधारणा म्हणजे थांबणं आपल्या अंगावरून झटकून खालच्याच्या अंगावर टाकणं आहे. कंपनी थांबत नाही, ट्रान्सपोर्टर थांबतो. ट्रान्सपोर्टर थांबत नाही, ड्रायव्हर थांबतो. कंपनीचा पैसा थांबत नाही, वर्कशॉपवाल्याचा थांबतो. आणि सगळ्यांच्या शेवटी गाव थांबतं, फाट्यावर, शाळेच्या गाडीत, कधी अँब्युलन्समध्ये. खर्च कमी झालेला नाही, फक्त दुसऱ्याच्या वहीत लिहिला गेलाय.

कारखान्यांना शिव्या घालायला मी बसलेलो नाही. पिरंगुट, उरवडे, भरे, घोटावडे या टापूत कितीतरी घरांच्या चुली या शेडवर पेटतात. माझ्याच भावकीतली पोरं शिफ्टला जातात. आणि साठा कमी ठेवायची कल्पनाही खोटी नाही. जपानात टोयोटाच्या ताईची ओनो यांनी ती उभी केली. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये फळीवरचा माल संपेल तसा भरतात, त्यावरून त्यांना ती सुचली असं सांगतात. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच आणायचं. साठ्यात अडकलेला पैसा मोकळा होतो, चुका लवकर दिसतात. मान्य.

पण आपण त्यातली अर्धीच पोथी वाचली. ओनोंच्या पद्धतीत रोजचं उत्पादन सपाट ठेवतात, म्हणजे आज शंभर आणि उद्या पाचशे असा धिंगाणा नाही. पुरवठादार जवळ असतात, गाडीची वेळ ठरलेली असते. आपल्याकडे काय होतं? महिन्याचे पहिले वीस दिवस प्लांट निवांत, शेवटच्या दहा दिवसांत टार्गेट गाठायची मारामारी. मग सगळ्या व्हेंडरांना एकदम फोन, “आजच्या आज माल पाठव.” सगळ्यांच्या गाड्या एकदम येतात, गेटच्या आत अनलोडिंगला जागा दोन गाड्यांची. बाकीच्या रस्त्यावर. याला ‘जस्ट इन टाइम’ म्हणायचं असेल तर आमच्या यात्रेतली दर्शनाची रांग पण ‘जस्ट इन टाइम’च आहे.

खुद्द टोयोटाची एक गोष्ट सांगतो. १ फेब्रुवारी १९९७ ला त्यांना ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या आयसिन कंपनीचा कारखाना जळाला. तो भाग जवळजवळ सगळा तिथूनच यायचा, आणि साठा जेमतेम काही तासांचा. जपानमधले टोयोटाचे कारखाने बंद पडले. पण लहान-मोठ्या कितीतरी पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह करायला घेतला, आणि साधारण आठवडाभरात लाइन पुन्हा सुरू झाल्या. आधी भाव कोणी ठरवला नाही, मागून टोयोटाने त्यांना मोबदला दिला. पुढे २०११ च्या त्सुनामीनंतर त्याच टोयोटाने चिपसारख्या नाजूक मालाचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला सुरुवात केली. म्हणजे साठा कमी ठेवायला ज्यांनी जगाला शिकवलं, त्यांनाही कळलं की काही ठिकाणी साठा ठेवावा लागतो, आणि अडचणीत धावून येणारी माणसं आधीपासून सांभाळावी लागतात.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू. त्या दिवशी १४ गाड्या होत्या. सरासरी ७ तास थांबल्या असं धरा. झाले ९८ गाडी-तास, एका दिवसात, एका रस्त्यावर. या तासांत गाडीचा बँकेचा हप्ता चालू, विमा चालू, ड्रायव्हरचं आयुष्य चालू. फेरी एकाऐवजी दीड दिवसाला पडली की ट्रान्सपोर्टर तो तोटा भरून कसा काढणार? जास्त माल भरून, टायर घासेपर्यंत वापरून, ड्रायव्हरला झोप न देता. मग तोच ड्रायव्हर पिरंगुटच्या घाटात डुलकी घेतो आणि दुसऱ्या दिवशी मला बातमी लिहावी लागते.

मजा बघा. रेल्वेची वाघीण ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडकवून ठेवली, तर रेल्वे तासाच्या हिशेबाने डेमरेज लावते. जहाज बंदरात अडकलं तरी डेमरेज. लोखंडाच्या डब्याच्या थांबण्याला किंमत आहे. रस्त्यावरच्या जित्याजागत्या माणसाच्या थांबण्याला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड ट्रकना ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. चांगलंच झालं. पण बारा तास उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून एसी लावायला डिझेल कोण देणार?

आणि त्या रांगेतला टँकर. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर आत काय आहे याचा फलक असलाच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. त्या दिवशीच्या टँकरवरचा फलक धुळीने इतका माखलेला, की मला वाचता आला नाही. वीस पावलांवर वस्ती, शेजारी चहाच्या टपरीचा गॅस. ७ जून २०२१ ला उरवड्यात काय झालं ते आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. त्या कारखान्याच्या आगीत कामगार गेले, त्यात बहुतेक बाया होत्या. त्यांच्या घरांतली माणसं आजही आपल्यात राहतात. धोक्याचा माल कुंपणाच्या आत असताना काय होतं ते आपण पाहिलंय. तो कुंपणाबाहेर, रस्त्यावर रात्रभर उभा राहतो, तेव्हा जबाबदार कोण?

आता दुसरं थांबणं. पैशाचं.

आपल्याच भागातला एक तरुण वर्कशॉपवाला आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी, पाच पोरं कामाला. तो म्हणाला, “दादा, माल द्यायला दोन तास उशीर झाला तर दंड. आणि माझे पैसे द्यायला ते नव्वद दिवस लावतात, त्याला ‘पेमेंट टर्म’ म्हणतात.” हा पोरगा बारा-चौदा टक्क्यांनी कर्ज काढून शेकडो कोटींच्या कंपनीला बिनव्याजी पैसे वापरायला देतोय. बँक कोण आणि कर्जदार कोण?

कायदा नाही असं नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही दात आले. ४५ दिवसांत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय हिशेबात धरता येत नाही. कागद झकास आहे. पण त्या पोराला काय सांगण्यात आलं माहितीय? “तुझी उद्यम नोंदणी असली तर आम्हाला त्रास होतो, काय ते बघ.” म्हणजे हेल्मेट घातलंस तर गाडीवर घेणार नाही. तक्रार करायला परिषद आहे, पण तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?

तिसरं उदाहरण कारखान्याबाहेरचं, कारण साखळी काही फक्त नट-बोल्टची नसते. आपला भात घ्या. मुळशी-मावळचा आंबेमोहोर आणि इंद्रायणी. इंद्रायणी तर वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेलं वाण, १९८७ मधलं. कोथरूडमधल्या दुकानात हाच तांदूळ ‘मुळशी स्पेशल’ म्हणून काय भावाने जातो, जाऊन बघा. आणि मळणी झाल्या झाल्या शेतकरी तो कोणत्या भावाने घालतो, तेही विचारा.

इथे चक्र उलटं आहे. ड्रायव्हरला थांबायला लावतात म्हणून तो मरतो, शेतकऱ्याला थांबता येत नाही म्हणून तो मरतो. सोसायटीचं देणं, पोरीची फी, दिवाळीची उसनवारी. खळ्यावरच पोती उचलली जातात. ज्याला चार महिने थांबायची ऐपत आहे, तो व्यापारी चार महिन्यांचा भाव खातो. यावरही उपाय कागदावर आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासूनची आहे. भात गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने. भाव आला की विका. मी घोटावड्यात आणि आसपास सात-आठ शेतकऱ्यांना विचारलं. एक आबा म्हणाले, “गोदाम हाय कुठं जवळ? चार पोती घिऊन पुण्याला जायचं भाडं कोण देतं?” आपल्याकडे शेडला तोटा नाही, रोज एक नवीन उभं राहतं. त्यातलं एक भाताला मिळालं तर काय आभाळ कोसळेल?

आता कोणी म्हणेल, टीका सोपी असते, चालणारी साखळी दाखवा. दाखवतो. लांब नाही, तुमच्या चुलत्या-मामांनी चालवलेली.

मुंबईचे डबेवाले. १८९० पासूनचं काम. माणसं कुठली? खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ आणि आपली मुळशी. करोनाच्या आधी पाचेक हजार माणसं रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवत आणि रिकामे परत आणत. संगणक नाही, झाकणावर रंगाने काढलेली खूण. २००३ मध्ये इंग्लंडचा प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटून गेला. २०१० मध्ये हार्वर्डने त्यांच्यावर अभ्यास लिहिला. आपण त्याचा अभिमान मिरवतो, फोटो फॉरवर्ड करतो. पण ते जमतं कसं, हे कोणी विचारत नाही.

माझ्या मते दोन गोष्टी. पहिली, तिथे मालक-नोकर नाही. गटातले सगळे भागीदार, कमाई वाटून. त्यामुळे आपली दिरंगाई ढकलायला खाली कोणी नसतोच. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एखाद्या घरातून डबा वारंवार उशिरा मिळाला, तर डबेवाला ते गिऱ्हाईक सोडून देतो. पैसे देणारं गिऱ्हाईक! कारण एका घरापाशी दहा मिनिटं गेली, तर लोकल चुकते आणि बाकीच्या सगळ्यांचे डबे उशिरा पोहोचतात. ज्याच्यामुळे उशीर, त्यालाच त्याची झळ. एवढा एक नियम पाळून टोपीवाल्या माणसांनी सव्वाशे वर्षं काढली. आणि आपल्या रस्त्यावर? उशीर गेटच्या आतल्यामुळे, झळ गेटच्या बाहेरच्याला.

हे मी त्या कार्यक्रमात प्रश्नोत्तरांत थोडक्यात बोललो. दोन उत्तरं मिळाली. पहिलं, “ड्रायव्हर वेळेआधी येतात, आम्ही काय करणार?” साहेब, तुम्ही वेळ देता कुठे? तारीख देता. तारीख दिली की माणूस रात्री बारानंतर कधीही येणार. सिनेमाच्या तिकिटावर नुसती तारीख छापा आणि थिएटरबाहेर काय होतं बघा.

दुसरं उत्तर, “थांबण्याचे पैसे द्यायचे म्हणजे खर्च वाढेल, उद्योग दुसरीकडे जातील.” ही धमकी आपण सगळ्या गोष्टींना ऐकतो. पण खर्च वाढणार नाही, तो आजही होतोच आहे. आज तो ट्रान्सपोर्टरच्या टायरमध्ये, ड्रायव्हरच्या पाठीत आणि आपल्या रस्त्याच्या खड्ड्यांत लपलाय. १७ सप्टेंबर २०२२ ला केंद्राने राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आणलं. तेव्हा मालवाहतुकीचा नि साठवणुकीचा खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे असं सांगत. मग एनसीएईआर या संस्थेने नीट मोजला, तर २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्के निघाला. मोजल्याशिवाय बोललं की असं होतं. मग आपल्या रस्त्यावरचं थांबणंही एकदा मोजा. आणि ते ज्याच्यामुळे होतं त्याच्या बिलात गेलं, की बघा गेट कसं पटापट उघडतं.

म्हणून मागण्या. फार मोठ्या नाहीत.

एक. प्रत्येक कारखान्याने गाडीला तारखेबरोबर वेळ द्यावी. दोन तासांचा स्लॉट. त्याला कोटींचं सॉफ्टवेअर लागत नाही, सिक्युरिटीच्या केबिनमधला एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरतो.

दोन. दोन तास फुकट, पुढच्या प्रत्येक तासाचे पैसे. आणि हे खरेदीच्या ऑर्डरवर आणि वाहतुकीच्या करारात लिहिलेलं असावं. त्यातला ड्रायव्हरचा भत्ता वेगळा दाखवावा, नाहीतर ट्रान्सपोर्टरच गिळेल.

तीन. आत जागा नसेल तर चार-पाच कारखान्यांनी मिळून एक प्लॉट भाड्याने घ्यावा. मुरूम टाका, दिवा लावा, पाण्याची टाकी, चार संडास, चार न्हाण्या. केमिकलचे टँकर मात्र थेट आत. वस्तीजवळ एक मिनिटही नाही.

चार. ४५ दिवसांत पैसे. नव्वद दिवस लावणाऱ्याने सेमिनारमध्ये ‘व्हेंडर पार्टनर’ हा शब्द वापरू नये, एवढी तरी लाज ठेवावी.

पाच, ग्रामपंचायतीसाठी. कारखान्यांकडून कर आपण घेतो. मग ग्रामसभेत रस्त्यावरच्या पार्किंगचा ठराव का येत नाही? आणि भातासाठी एक शेड मिळवायला पणन मंडळाला पत्र का जात नाही? यात काही आपल्याच लोकांचे हितसंबंध आहेत, हेही बोलून टाकतो. गाड्या आपल्याच पोरांच्या, शेडची जागा आपल्याच पाटलांची, लेबरचं कंत्राटही आपल्याच भाऊंचं. ‘कंपनीवाले’ म्हणून बोट दाखवलं की तीन बोटं आपल्याकडे वळतात. माझ्याकडेही वळतं. गेली कित्येक वर्षं मी ‘फाट्यावर वाहतूक कोंडी, नागरिक त्रस्त’ अशीच बातमी लावत आलोय. कोंडी कशामुळे, हे एकदाही लिहिलं नाही. गाड्या दिसत होत्या, त्यांना उभं करणारं गेट दिसत नव्हतं.

आता करायचं काय, ते सांगतो. येत्या सोमवारपासून सात दिवस, सकाळी सहा ते रात्री दहा, फाटा ते गाव या रस्त्यावर उभी राहणारी प्रत्येक मालगाडी मोजायची. किती वाजता आली, किती वाजता आत गेली, धोक्याच्या मालाचा फलक आहे की नाही. ड्रायव्हरचं नाव-गाव, गाडीचा नंबर काही लिहायचं नाही, त्यांना त्रास नको. दोन-दोन तासांच्या पाळ्या केल्या तर दिवसाला आठ माणसं लागतात. कॉलेजची चार पोरं तयार झालीत, दोन रिटायर्ड गुरुजी आहेत, एक मी. आठवा कोण, ते मेसेज करून कळवा.

सात दिवसांचा कागद झाला की तो आधी कारखान्यांच्या मॅनेजरांना देऊ, मग ग्रामसभेत ठेवू, आणि मग इथे टाकू. याच क्रमाने. त्यांना सुधारायची एक संधी द्यायला हवी.

कोल्हापूरच्या काकांचा नंबर त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला लागला. रात्री अडीच ते संध्याकाळी साडेपाच, पंधरा तास. आपल्या वहीतली ही पहिली नोंद.